चौधरी सरांचा 'ळ'

कंपनीचा माणूस पडद्यावर कितीही चकचकीत वेबसाइट दाखवू दे, चौधरी सर शेवटच्या खुर्चीवरून उठायचे आणि म्हणायचे, "भाऊ, तेवढा ळ काढून दाखवा." तो बिचारा चाचपडत बसायचा. एका इंदूरवाल्यानं तर सरळ सांगून टाकलं, "सर, हिंदी में ये लगता ही नहीं." सर म्हणाले, "माझ्या आडनावात पण लागत नाही. पण माझ्या वर्गात काळे आहेत, माळी आहेत, त्यांचं काय करू?" सगळे हसले. मीसुद्धा हसले.

बुरहानपूरच्या आमच्या संस्थेत तेव्हा एकत्रीकरण चाललं होतं. शाळा, कॉलेज, बी.एड. अशा सगळ्यांच्या वेगळ्या वेबसाइट मोडून एकच सिस्टीम घ्यायची होती. नोटिसा, प्रवेश, निकाल, सगळं तिच्यातच. ती निवडणाऱ्या समितीत मी होते, संगणक शिकवते म्हणून, आणि चौधरी सर होते, मराठी माध्यमाचे प्रमुख म्हणून. प्रमुख कसले! दर इयत्तेला कशीबशी एक तुकडी उरली होती. नव्या सिस्टीममध्ये मराठीला जागा मिळाली नाही तर तीही जाणार, हे सरांनी आमच्या आधी ओळखलं होतं.

माणूस भारी चिवट. मराठीत हिंदी घुसवलेली त्यांना खपायची नाही, आणि स्वतः मात्र दिवसातून दहादा "दिमाग खराब करू नका" म्हणायचे. मी ते पकडलं की खो खो हसायचे. "अहो मॅडम, मी इथलाच ना! माझ्या तोंडून सुटलेलं तुम्ही उचलू नका."

शेवटी दोन सिस्टीम उरल्या. एकीत मराठी वेगळी भाषा म्हणून घालता येत होती, पण दिसायला अगदीच साधी. दुसरी देखणी, तिच्यात फक्त हिंदी आणि इंग्रजी. प्राचार्यांचं मन देखणीवर बसलं होतं. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, मराठी नंतर टाकता येईल ना?" मला घरी जायची घाई होती. मी म्हटलं, "होऊन जाईल, सर."

चौधरी सर माझ्याकडे वळले. "होईल म्हणा, मॅडम. 'होऊन जाईल' म्हणजे 'हो जाएगा'. ते म्हणणाऱ्यानं कधी काही केलेलं मी तरी पाहिलं नाही." मला असा राग आला! काय माणूस आहे, इथंही व्याकरण! मी सही करून मोकळी झाले. सरांनी केली नाही, पण त्यांच्यावाचून कुणाचं अडलं नाही.

प्रवेश सुरू झाले. अर्जात माध्यमाच्या रकान्यात दोनच नावं, हिंदी आणि इंग्रजी. मी कंपनीला फोन केला, तर यंदा बदल होणार नाही म्हणाले. शेवटच्या दिवशी फोपनारचे एक केळीवाले शेतकरी मुलीला घेऊन आले. "सर, हिला मराठीत टाकायचं आहे. काहून होत नाही? साल जाईल ना हिचं!" सरांनी संगणकापुढची माझी खुर्ची ओढून घेतली, मुलीला नाव विचारलं आणि स्वतःच्या हातानं 'हिंदी' निवडली. "बस वर्गात, बेटा. मी मराठीतच शिकवतो," म्हणाले. मराठीसाठी आलेल्या प्रत्येक मुलाचा अर्ज त्यांनी असाच भरला, कुणाचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून.

पुढच्या वर्षी व्यवस्थापनानं सिस्टीममधून यादी काढली. मराठी माध्यमात नवा प्रवेश एकही नाही. मागणी नाही, म्हणून माध्यम बंद. बैठकीत प्राचार्यांनी विचारलं, "चौधरी, काही म्हणायचंय?" सरांनी यादीवर बोट ठेवलं. "अर्ज मीच भरलेत, साहेब. हिंदी मीच लिहिलंय."

"मग झालं तर," प्राचार्य म्हणाले.

सर नेपानगरला मुलीकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. मला महिन्यानं कळलं.

त्या बैठकीत मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मुलं मराठीच मागायला आली होती, रकान्यातलं मराठीचं नाव माझ्या सहीनं गेलं होतं, एवढं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला आणि गप्प बसले.