झिजलेले टायर

जासईच्या रस्त्याला, कंटेनरवाल्यांच्या गर्दीत, धर्मराज म्हात्रेचं टायरचं दुकान आहे. तिथे दोनच तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. काही नवे टायर मागतात आणि काही परवडत नाही म्हणून जुने मागतात. प्रभाकर टिपणीस तिसऱ्याच तऱ्हेचा निघाला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, नवे चार टायर सहज घेईल असा हा गृहस्थ टेम्पोतून चार चाकं उतरवून म्हणाला, "निम्मे झिजलेले बघा. पण चारही सारखे हवेत."

धर्मराजने चाकं पाहिली. सायकलसारख्या तारांची, विलायती स्पोर्ट्स कारची. टायर एका बाजूने पार चपटे झाले होते, जमिनीवर बसून बसून. त्याने एक चाक ढकललं तर ते धडधड उड्या मारत गेलं. ही गाडी बरीच वर्षं जागची हललेली दिसत नाही, एवढंच तो बोलला. टायरवाला होता, त्याला दिसणारच. प्रभाकरच्या मात्र कानाच्या पाळ्या तापल्या. गाडी जागची हलली नव्हती हेच तर त्याला लपवायचं होतं.

गाडी जोशुआ चेऊलकरची. जोशुआ आणि प्रभाकर एकाच कचेरीत शेजारच्या टेबलांवर बसून धरणांचे नकाशे काढायचे. बावीस वर्षांपूर्वी जोशुआ बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन कायमचा इस्रायलला निघाला, तेव्हा वडिलांनी जिवापाड जपलेली ही दोन सीटांची लाल गाडी विकायला त्याचा जीव होईना. निरोपाच्या जेवणात त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "प्रभाकर, ठेवशील? पण नुसती ठेवायची नाही, फिरवायची." आणि प्रभाकर म्हणाला, "फिरवीन की. त्यात काय."

त्यात एवढंच की प्रभाकरला गाडी चालवता येत नव्हती. चारचौघांत ते सांगायला जीभ उचलली नाही. शिकून घेऊ, त्याने मनाशी ठरवलं. क्लासला चार दिवस गेलाही. पाचव्या दिवशी शिकवणाऱ्याने भर रस्त्यात त्याला 'ओ आजोबा' म्हणून झापलं. वय तेव्हा एक्केचाळीस. तो परत काही गेला नाही. खांदा कॉलनीत त्याच्या बिल्डिंगखाली गाडीवर ताडपत्री पडली. महिन्यातून एकदा मेकॅनिक येऊन उभ्या जागी इंजिन चालू करून, ब्रेक बघून जाई, तेवढीच काय ती सेवा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी जोशुआचा फोन यायचा. पहिल्याच फोनवर त्याने विचारलं, फिरवलीस का. प्रभाकर म्हणाला, हो, पळस्पे फाट्यापर्यंत. पुढच्या महिन्यात तो कर्नाळ्यापर्यंत गेला, त्याच्या पुढच्या महिन्यात पेणला. थाप एकदा सुरू झाली की तिला रस्ताही लागतो आणि पोरंटोरंही. सिग्नलला पोरं कशी गोळा झाली, पोलिसाने थांबवून नुसती गाडीच कशी पाहिली, असं सगळं त्याने सोफ्यावर बसून सांगितलं. जोशुआ तिकडे हसायचा, खोदून खोदून विचारायचा. फोन ठेवला की प्रभाकर आशालताकडे बघायचा नाही. आणि ती बायको असून काही बोलायची नाही, हे त्याला जास्त लागायचं.

आता जोशुआ येणार होता. मुलीचं, लियोराचं लग्न ठरलं होतं. तिच्यासाठी बोललेला नवस फेडायला अलिबागजवळ खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या टाप्यावर, म्हणजे त्या प्रेषिताच्या रथाच्या खुणा दाखवतात त्या खडकावर, मलिदा करायचा होता. शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. तो पाळून रविवारी सकाळी निघायचं आणि आजोबांच्या गाडीतूनच जायचं, असा बापलेकीचा बेत.

अँबॅसिडरच्या मापाचा एक नवाकोरा सेट धर्मराजच्या दुकानात भिंतीला टेकून उभा होता, तो ह्या चाकांना नेमका बसत होता. प्रभाकरने तिकडे पाहिलंही नाही. नव्या टायरने सगळंच बिंग फुटेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. शेवटी धर्मराजने मागच्या शेडमधून एका जुन्या अँबॅसिडरचे चार ओढून आणले. नक्षी निम्मी शिल्लक, जशी हवी तशी. पण त्याने टायरच्या कडेचे आकडे बोटाने पुसून दाखवले.

"नऊ सालचं हायेत हे, काका. नक्षी बघू नका, रबर मेलाय. होडीच्या कडेला बांधायला ठेवलं व्हतं. यांच्यावर माणूस नाय बसवायचा."

"गाडी नुसती दाखवायची आहे," प्रभाकर म्हणाला. "उभीच राहणार."

तेव्हा कुठे धर्मराजने ट्यूब घालून ते चढवले. घरी चाकं बसवून झाल्यावर प्रभाकरने बुटाचं काळं पॉलिश आणलं आणि खाली बसून टायरच्या भेगांमध्ये चोळलं. आशालता भाजी घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. "जोशुआभाऊ रागावले तर दोन दिवस रागावतील," ती म्हणाली. "हे कशाला?" पॉलिशची डबी त्याने मुलासारखी मुठीत लपवली, त्रेसष्टाव्या वर्षी.

रविवारी जोशुआ आला. केस पांढरे, मराठी जशीच्या तशी. लियोराच्या हातात मलिद्याच्या सामानाची पिशवी, पोहे आणि नारळ. गाडीला हात लावण्याआधी जोशुआ चाकापाशी उकिडवा बसला. टायरच्या खाचेत अंगठा फिरवला. मग वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"खरंच फिरवलीस रे," तो म्हणाला. "मला कधी कधी वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून सांगतोस. माफ कर."

प्रभाकरला ब्रह्मांड आठवलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, पण हा माणूस त्याचीच माफी मागत होता. तोंड उघडायला हवं होतं आणि ते उघडेना. लियोरा शेजारच्या सीटवर बसली. जोशुआने इंजिन चालू केलं. पुढे वडखळपर्यंतचा रस्ता, न्हावा शेव्याचे ट्रेलर, आणि खाली होडीला बांधायचे टायर. प्रभाकर बॉनेटसमोर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकले.

"उतरा," तो म्हणाला. "टायर कुजलेले आहेत. गाडी एकदाही बाहेर काढली नाही मी. तुला कळू नये म्हणून मुद्दाम झिजलेले लावले."

जोशुआने इंजिन बंद केलं. मग एवढंच बोलला, "लियोरा बसली होती रे आत." प्रभाकरच्या मनात आलं, आपण आत्ता इथून नाहीसे झालो तर फार बरं होईल.

चाकं काढून पुन्हा धर्मराजकडे नेली. धर्मराजने प्रभाकरकडे एकदा पाहिलं, तेवढं पुरे झालं. त्याने जुने टायर उतरवले, नव्या टायरच्या आत चिकटलेला कागद खरवडून काढला, तो राहिला तर ट्यूबला घासतो म्हणून, आणि पावडर मारून ट्यूब बसवल्या. खांदा कॉलनीत परत येऊन चाकं चढवेपर्यंत दुपार झाली. तोवर जोशुआचा रागही उतरला असावा. मुळात तो मोठ्या मनाचा. त्याने किल्ली प्रभाकरपुढे धरली.

"झालं ते झालं. कर्नाळ्यापर्यंत तू चालव, लियोराला शेजारी बसव. मी मागून रिक्षाने येतो. एकदा तरी खरी फिरव."

हे प्रभाकरला नको होतं. राग चालला असता. किल्ली त्याच्यापुढे तशीच लटकत होती.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"काय येत नाही?"

"गाडी चालवायला. तेव्हाही येत नव्हती. तू विचारलंस तेव्हा."

जोशुआने किल्ली मुठीत घेतली. सकाळी त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं. आता तेही नव्हतं. अनोळखी माणसाकडे बघावं तसा तो बघत होता. बापलेक निघून गेले. रात्री मलिद्याचा प्रसाद आला, गाडी जागेवर लागली, आणि किल्ली जोशुआने आशालताच्या हातात दिली. प्रभाकर समोरच उभा होता.

नंतरच्या आठवड्यात प्रभाकरने क्लासला नाव घातलं. शिकवणारी किशोरी तिशीतली, ती त्याला 'काका' म्हणायची आणि ओरडायची नाही. चार महिने गेले, पक्कं लायसन मिळालं. मग एका रविवारी पहाटे तिला शेजारी बसवून त्याने लाल गाडी बाहेर काढली आणि पळस्पे फाट्यापर्यंत नेली. सिग्नलला दोनदा बंद पडली. मागच्या ट्रेलरवाल्याने आईवरून शिवी दिली. तिथे बसथांब्यावरची पोरं धावत येऊन चाकांच्या तारा मोजू लागली. प्रभाकर एकटाच हसत होता.

तो महिन्याचा शेवटचा रविवार होता. संध्याकाळी जोशुआचा फोन आला. तब्येतीचं झालं, लियोराच्या लग्नाचं झालं, तिकडच्या उन्हाचं झालं. चार महिन्यांत त्याने गाडीचा विषय काढला नव्हता, आजही काढला नाही. प्रभाकरच्या ओठांवर सगळं आलं होतं, फाटा, शिवी, पोरं. पण ते बोललं असतं तर कसं ऐकू गेलं असतं हे त्याला ठाऊक होतं. त्यातला शब्द न् शब्द त्याने बावीस वर्षं ह्याच फोनवर सांगितला होता.

"आणखी काय नवीन?" जोशुआने विचारलं.

"काही नाही," प्रभाकर म्हणाला. "घरीच होतो."