चिंचेनं घासलेला करंडक

आमच्या गल्लीतल्या बायकांनी समूहगीताचा फिरता करंडक जिंकला आणि त्यानंतर स्पर्धाच बंद पडली. भरवणाऱ्या मंडळातली जुनी माणसं गेली, उरलेल्यांनी हॉल लग्नकार्याला द्यायला सुरुवात केली. आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही.

रीत अशी होती, की आदल्या विजेत्यांनी करंडक उजळून आणायचा आणि स्टेजवर स्वतःच्या हातानं नव्या विजेत्यांना द्यायचा. त्यामुळे आमच्या बाई अडकून बसल्या. सूतगिरणीत जन्म गेला त्यांचा. आम्हाला गाणं त्यांनीच शिकवलं, खालचा सूरही त्याच धरायच्या. दर दिवाळीआधी त्या करंडक चिंचेनं घासायच्या, न जाणो, कुणी न्यायला आलं तर! पितळेवर चांदीचा मुलामा होता, त्याला चिंच चालत नाही हे त्यांना सांगणार कोण? आधी मुलामा गेला, मग कोरलेली नावंही गेली. आमच्याआधी कोण कोण जिंकलं होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मला त्या मंडळाचा अजूनही संताप येतो. एक निरोप धाडायला काय धाड भरली होती?

यंदा पावसाळ्यात बाईंचा खोकला छातीत बसला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. सून माझ्याकडे आली.

"सारखं एकच चाललंय, करंडक कुणाला द्यायचा म्हणून. तुमी तरी काय तरी करा की."

आम्ही मोजक्याच उरलो होतो. ठरवलं, आपणच नवा संघ व्हायचं. जमेल ते नेसून खाटेपाशी रांगेत उभ्या राहिलो. सुनेनं बाईंना टेकवून बसवलं, करंडक मांडीवर ठेवला. आम्ही गायलो. खालचा सूर धरायला कुणी नव्हतं, त्यामुळे गाणं विरलेल्या चादरीसारखं लागत होतं. एक-दोघी तर मधेच रडायला लागल्या.

बाई डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी करंडकावर दोन्ही हात ठेवले.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "सूर उतरला. तुमाला न्हाय देता यायचा."

सून कळवळली. "द्या की ओ आत्या, लई झालं आता."

बाईंनी हात काढले नाहीत. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

सुनेनं करंडक माझ्याकडे आणून ठेवला. दिवाळी आली तशी मी चिंच भिजत घातली, आणि तशीच ओतून दिली. करंडक उजळायचा मान जिंकणाऱ्यांचा. आम्ही त्या खाटेपाशी हरलो होतो.