अर्ध्या दिवसाचा पालक

आमच्या कॉलेजच्या नियमपुस्तिकेत बत्तीस नियम होते आणि अडीच वर्षांत मी त्यातला एकही मोडला नव्हता. ही फुशारकी नाही. मोडायची सोयच नव्हती. प्राचार्यांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसणारे अटेंडर म्हणजे माझे अप्पा. मला यायला पाच मिनिटं उशीर झाला की वॉचमन आधी त्यांच्या कानावर घालायचा, मग मला अडवायचा. गळ्यात आयडी कार्ड दिसलं नाही की लायब्ररीतली बाई म्हणायची, "अण्णांना सांगू काय?" सगळं कॉलेज अप्पांना अण्णा म्हणायचं. प्राचार्य तेवढे काहीच म्हणायचे नाहीत. ते बेल मारायचे. एक बेल म्हणजे या, दोन म्हणजे चहा, आणि लांबलचक बेल म्हणजे बाहेर बसलेल्या पालकाला आत सोडा.

मी जे केलं ते त्या बत्तीस नियमांत कुठंच बसत नव्हतं, म्हणून तर केलं.

झालं असं, की कुणी नियम मोडला तर त्यानं माफीनामा द्यायचा अशी पद्धत होती. पोरं मोबाईलवरून तयार माफीनामे उतरवून छापून आणायची. एका बहाद्दरानं आणलेल्या कागदावर दुसऱ्याच कॉलेजचं नाव होतं आणि खाली 'इथे आपले नाव लिहा' हे तसंच राहिलं होतं. त्यानं तिथं सहीसुद्धा केली होती. त्या दिवसापासून प्राचार्यांनी हुकूम काढला. माफीनामा हातानं लिहायचा, इंग्रजीत किंवा कन्नडात, त्यात कारण पाहिजे, पश्चात्ताप पाहिजे, पुन्हा करणार नाही अशी हमी पाहिजे, खाली पालकाची सही पाहिजे. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना पेन धरायचं म्हटलं की ताप भरायचा. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

आणि माझं अक्षर चांगलं. खोटं कशाला सांगू, फारच चांगलं. मी लहान असताना अप्पा ऑफिसात टाकून दिलेले पाठकोरे कागद विचारून घरी आणायचे आणि रोज संध्याकाळी माझ्याकडून एक पान लिहून घ्यायचे. पान झाल्याशिवाय ताट वाढायचं नाही. आई करवादायची, "पोरगी उपाशी जाईल आणि अक्षर तेवढं मागं राहील." अप्पा स्वतः आठवीतून शाळा सोडलेले. पण माझा एखादा 'g' वाकडा आला की त्यांना बरोबर दिसायचा.

पहिलं गिऱ्हाईक माझी मैत्रीण. तिनं व्हरांड्यात वाढदिवसाचा केक कापून भिंतीला क्रीम फासलं होतं. तिला मी असा माफीनामा लिहून दिला की वाचून तिलाच रडू आलं. बदल्यात तिनं मला कॉलेजमागच्या गाड्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि दोन मिरची भजी खाऊ घातली. मग काय, बातमी पसरली. दर ठरला, एक माफीनामा, एक गिरमिट. पोटासाठी माणूस काय वाट्टेल ते करतो म्हणतात, मी चुरमुऱ्यांसाठी केलं.

माझेही काही नियम होते. एका पोराची एक आज्जी एकदाच वारेल, हा त्यातला पहिला. कलघटगीहून येणारा एक वर्गबंधू तिसऱ्यांदा उशिरा आला आणि म्हणाला, "आज्जी लिही." मी म्हटलं, तुझी एक आज्जी गेल्या सेमिस्टरला गेली, दुसरी दसऱ्याला गेली, आता आज्ज्या संपल्या, म्हशीवर भागव. त्याच्या म्हशीचं बाळंतपण मी इंग्रजीत इतकं जीव ओतून लिहिलं की उपप्राचार्यांनी त्याला बोलावून रेडकू कसं आहे ते विचारलं. पोरगं गडबडलं. त्याच्या घरी म्हैसच नव्हती.

मी प्रत्येकाला बजावायची, गधड्यांनो, हा नमुना आहे, तुमच्या हातानं उतरवून काढा. त्यांचं एकच उत्तर, "कोण बघतंय?" आणि खरंच कोणी बघत नव्हतं. प्राचार्य न वाचता सही करायचे, अप्पा कागदाला भोकं पाडून फाईलला लावायचे, की झालं. असे चाळीसेक कागद झाले.

पुढं कॉलेजची तपासणी करायला बाहेरून माणसं आली. त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शिस्तीची फाईल मागितली. चाळली. चष्मा काढून पुसला, पुन्हा चाळली आणि म्हणाले, "तुमच्या मुलांचं अक्षर फार सुंदर आहे. सगळ्यांचं सारखंच सुंदर. सुलेखनाचा वर्ग घेता काय?" प्राचार्य छाती फुगवून म्हणाले, "हौद्री, होय, आम्ही खास लक्ष देतो." ती माणसं गेल्यावर मात्र त्यांनी दार लावून फाईल उघडली. इंग्रजीच्या मॅडमना बोलावलं. माझं अक्षर ओळखायला मॅडमना एक कागद पुरला.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. शिस्त समितीपुढं चौकशी, पालकांसह हजर राहणे, निकाल लागेपर्यंत हॉल तिकीट रोखण्यात येत आहे. शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा दहा दिवसांवर होती. हॉल तिकीट नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली.

त्यात पालकाला पत्र द्यायची रीत अशी, की अटेंडरनं ते हातोहात पोचवायचं आणि डिलिव्हरी बुकात सही घ्यायची. हेडक्लार्क रीतीचे पक्के. त्यांनी पत्र अप्पांच्या हातात दिलं, पत्ता वाचायला लावला आणि वही पुढं केली. अप्पांनी 'देणार'च्या रकान्यात सही केली, मग 'घेणार'च्या रकान्यात केली. हेडक्लार्क म्हणाले, "आणि अण्णा, ड्युटीवर असताना पालक होता येत नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाका."

अप्पांचे रजेचे अर्ज नेहमी मीच लिहायची. त्या संध्याकाळी मी पेन घेऊन बसले तर त्यांनी कागद ओढून घेतला. "आज तुझं अक्षर नको." त्यांनी स्वतःच कन्नडात दोन ओळी खरडल्या. कारण लिहिलं, मुलीच्या कॉलेजात बोलावलं आहे. प्राचार्यांनी त्यावर न वाचताच सही केली. सवय म्हणतात ती ही.

अप्पा मला रागावले नाहीत. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट ते मला तालीम देत बसले. पंचवीस वर्षं त्यांनी त्या दारातून पालक आत सोडले होते, सगळे नमुने त्यांना पाठ होते. "रडू नको. रडणाऱ्याला सर पाणी देतात आणि शिक्षा पण देतात. पाणी मीच नेतो, मला माहीत आहे. वाद घालू नको, मॅडमना चालत नाही. चूक झाली म्हण आणि गप उभी राहा." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि तुम्हाला ठावं होतं काय म्हणून विचारले तर नाही म्हणा. नाहीतर पोरीच्या मागनं तुम्हालाही मेमो येईल." अप्पा म्हणाले, "बघू."

चौकशीच्या दिवशी सकाळी त्यांनी खाकी घालून नेहमीसारखी कामं केली. दुपारच्या आमच्या चौकशीसाठी केबिनमध्ये खुर्च्याही त्यांनीच लावल्या. समितीच्या चार, समोर पालकाची एक. पालकाची खुर्ची डगमगत होती, तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. मग घरी गेले, कॉलेजातल्या जयंतीच्या कार्यक्रमाला घालायचा पांढरा शर्ट घातला, डोक्याला तेल लावून भांग पाडला आणि मेन गेटनं आले. वॉचमन रोज त्यांच्याकडं तंबाखू मागणारा. त्यानं रजिस्टर पुढं करून विचारलं, "कुणाला भेटायचं?" अप्पांनी गंभीरपणे लिहिलं, प्राचार्य.

आम्ही पालकांच्या बाकावर बसलो. समोर अप्पांचं रिकामं स्टूल. मला भीतीनं हसू यायला लागलं. "दात काढू नको," अप्पा म्हणाले.

आतून लांबलचक बेल वाजली. पालकाला सोडा. सोडणार कोण? पुन्हा वाजली. अप्पा अर्धे उठले. मी त्यांची बाही धरून खाली ओढलं. "अप्पा, तुम्ही रजेवर आहात." तिसऱ्यांदा बेल इतका वेळ वाजली की स्टाफरूममधून दोघं डोकावून गेले. शेवटी प्राचार्यांनीच दार उघडलं. "कुठं मेला हा..." एवढं म्हणाले आणि त्यांना पांढरा शर्ट दिसला. थोडा वेळ काय करावं ते त्यांना कळेना. मग दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बर्री." आत या.

आत गेल्यावर अप्पा दाराजवळ, त्यांच्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. "कुंदर्री," प्राचार्य म्हणाले. बसा. अप्पांनी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणाले ते. "तुम्हालाच. कुंदर्री." अप्पा खुर्चीच्या कडेवर टेकले. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. पंचवीस वर्षांत ते त्या खोलीत पहिल्यांदा बसत होते आणि ते माझ्यामुळं, असं.

मॅडमनी फाईल माझ्यापुढं सरकवली. "तुझे कोणते, दाखव." मी पानं उलटायला लागले. त्या फाईलला माफीनाम्यांशिवाय मेमो, नोटिसा, सर्क्युलरं, सगळं लावलेलं होतं. त्या कागदांना भोकं कशीही पाडलेली, कुठं अक्षरातून, कुठं तारखेतून, एका नोटिशीत तर खुद्द प्राचार्यांच्या सहीतून. पण माझा कागद आला की समास मोजून भोकं पाडलेली. एकही अक्षर तुटलेलं नाही. आणि कागद फाटू नये म्हणून प्रत्येक भोकाभोवती कात्रीनं कापलेली कागदाची गोल चकती चिकटवलेली. केकवाल्या मैत्रिणीच्या कागदापासून म्हशीपर्यंत, सगळ्यांना.

माझे हात थांबले. म्हणजे अप्पांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

"यांना हे माहीत होतं काय?" प्राचार्यांनी विचारलं. त्यांचा हात फाईलकडं येत होता. मी घाईनं म्हणाले, "नाही सर, अप्पांना काही माहीत नव्हतं, सगळं माझं एकटीचं." तालमीत हे वाक्य नव्हतं. अप्पा खुर्चीवर नीट मागं सरकून बसले.

"गोत्तित्त्री, सर," ते म्हणाले. माहीत होतं.

"मग सांगितलं का नाही?"

अप्पा म्हणाले, "चूक झाली. सांगायला पाहिजे होतं. पण सर, ती लिहायला शिकली ते ह्या ऑफिसातल्या टाकाऊ कागदांवर. आणि आता तिचं अक्षर तुमच्या टेबलावर यायचं, तुम्ही त्याच्यावर सही करायचा. मला इंग्रजी सगळं कळत नाही. नुसतं बघायचो. बरं वाटायचं."

प्राचार्यांचा हात सवयीनं बेलवर गेला, दोनदा वाजली, चहाची. अप्पा ताडकन उठले. "कुंदर्री, कुंदर्री," प्राचार्य म्हणाले आणि बेल टेबलाच्या पलीकडं सरकवून ठेवली.

मग अर्धा तास समिती मी कोणता नियम मोडला ते शोधत होती. बत्तीसच्या बत्तीस वाचून झाले. दुसऱ्याचा माफीनामा लिहू नये असं कुठंच नव्हतं. उपप्राचार्यांचं म्हणणं पडलं, की रेडकाच्या तब्येतीबद्दल आपली फसवणूक झाली आहे, ती कशात बसते का बघा. शेवटी 'इतर गैरवर्तन' ह्या खात्यात मला टाकलं. निकाल असा. त्या सगळ्यांनी आपापले माफीनामे आपल्या हातानं पुन्हा लिहायचे. अण्णांना तोंडी समज. आणि मी स्वतःचा माफीनामा स्वतः लिहून, पालकाची सही घेऊन आणायचा, मग हॉल तिकीट.

चाळीस माफीनामे लिहिणारीला स्वतःचा एक लिहिता येईना. आज्जी उपयोगाची नाही, म्हैस उपयोगाची नाही. कारण काय लिहू? गिरमिट? चार ओळी लिहायला अख्खी संध्याकाळ गेली. आयुष्यात पहिल्यांदा माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलं. पुन्हा लिहिते म्हटलं तर अप्पा म्हणाले, "राहू दे," आणि पिठाच्या डब्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली.

सकाळी मी केबिनपाशी गेले तेव्हा ते खाकीत, स्टुलावर. कागद आत नेण्याआधी तपासायचा हा त्यांचा नियमच होता. माझा कागद घेऊन त्यांनी सगळ्यांना विचारतात तेच विचारलं.

"पालकाची सही?"

"आहे."

"खरी आहे?"

"तुम्हीच बघा."

त्यांनी बघितली. ओळींवरून बोट फिरवलं. "अक्षर बिघडलंय," म्हणाले. मी हो म्हटलं. ते आत गेले, प्राचार्यांची सही घेऊन बाहेर आले. मग खण उघडून पंचिंग मशीन काढलं, समास मोजला, भोकं पाडली. कात्री घेतली, गोंदाची बाटली घेतली आणि त्या वेड्यावाकड्या कागदालाही दोन चकत्या कापून चिकटवल्या. वाळेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरल्या.

"जा," ते मान वर न करता म्हणाले. "हॉल तिकीट हेडक्लार्ककडं आहे."