बुजलेली नळी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. महाडला शाळेत विज्ञान शिकवते मी. कुणी असलं काही सांगायला लागलं की खिल्ली उडवणारी पहिली मीच. आता तुम्ही माझी उडवा... पण आधी ऐकून घ्या.

आमचं घर नाते गावात. पडवीला लागून शेड, त्यात बाबांची लाल स्पोर्ट्स कार — दोन सीटची, उघड्या टपाची, माझ्याहून म्हातारी. एमआयडीसीतल्या फिटरला हा शौक कुठून लागला, देव जाणे. आई तिला 'सवत' म्हणते.

सवतीला दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली नाही तर इंजिन फटफट करून बंद पडतं. रबरी नळीचं एक टोक मी कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायची, दुसरं बाबा डाव्या हाताने कानाला लावायचे आणि डोळे मिटून 'सूंऽऽ' ऐकायचे. स्क्रूही मीच फिरवायची. त्यांच्या उजव्या हाताचं बोट डावीकडे, बोट उजवीकडे... तळवा वर केला की बस. कान त्यांचा, हात माझा.

गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, नजर छताला. "यांना आता काही कळत नाही," डॉक्टर म्हणाले. आई तरी भरवताना रोज विचारायची, "मी कोण? ओळखलंत काय?" मी रडलेसुद्धा नाही. शाळा, औषधं, चादरी... आतून काही हलायचंच नाही.

वाटलं, गाडीचा आवाज ऐकून तरी ओळख पटेल. जेट साफ केले, फिल्टर बदलला. तरी धडधडून बंद! पोलादपूरचा मेकॅनिक बघून गेला. "ताई, दोन्ही सारखे ओढत नायत. कान लावायला लागंल." कान तर पलंगावर पडलेला!

मग एका रविवारी सकाळी बागेतली जुनी, लांब नळी बाबांच्या खोलीच्या खिडकीतून आत सोडली. "आई, त्यांच्या कानाला धर."

"येड लागलाय काय गो तुला?" म्हणाली, पण धरली.

इंजिन कसंबसं चालू ठेवलं, नळी टेकवली, स्क्रूला हात घातला. तेवढ्यात आई ओरडली, "अगो, हात हलतोय! उजवा! बोट डावीकडं करतायत!"

मी डावीकडे फिरवला.

"अजून... नको नको, उजवीकडं जरा!"

नळी दुसऱ्या कार्बोरेटरला लावली.

"डावीकडं... थांब गो! तळवा वर केलाय!"

इंजिन एका लयीत चालायला लागलं. आत धावले. उजवा हात चादरीवर, तळवा वर. नजर छतालाच. आई हमसून हमसून रडत होती. मला काहीच वाटलं नाही.

नळी गुंडाळताना सहज फुंकली, तर हवा जाईना. कापून बघितली. मधोमध कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, दगडासारखं वाळलेलं. त्यातून आवाज जाणं शक्यच नाही.

म्हणाल, खिडकीतून ऐकलं असेल. इतका बारीक फरक? आणि तो हात? "अशक्य. तुमच्या आईला भास झाला असेल," डॉक्टर म्हणाले. आईला विचारलं तर भडकलीच. "मग तो कार्बोरेटर काय मी लावला? मला त्यातलं ढिम्म तरी कळतं काय?"

बाबा थोड्याच दिवसांत गेले. हात पुन्हा हलला नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "शेवटपर्यंत ऐकत होते हो सगळं." नळीचं मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

स्क्रू तेव्हापासून तसेच आहेत. रविवारी गाडी सुरू करते आणि मातीने बुजलेला तो तुकडा कानाला लावून बसते. मला काहीच ऐकू येत नाही.