इद्दतीत आलेलं अत्तर

इथले बाकीच्यांचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आले. घाटात लिफ्ट मागणारी बाई, चिंचेवरचं बाळ... मी केमिस्ट्रीची बीएस्सी, आणि आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. अब्बा म्हणायचे, "जिन्न-भुतांना आपल्यापेक्षा बरी कामं असतात." तेव्हा ज्यांना खाली "भास झाला असेल" असं लिहायचंय त्यांनी खुशाल लिहा. मी ते स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता कंटाळा आलाय.

आमचं गाव मुरुड तालुक्यात, आगरदांड्याच्या जेट्टीपासून जवळच. समोर खाडी आणि पलीकडे दिघी. गावातल्या अर्ध्याअधिक घरांतले पुरुष आखातात. माझे अब्बाही तिकडेच होते, बंदरातल्या क्रेन दुरुस्त करायचे. वर्षातून एकदा यायचे. त्यांची बॅग उघडली की घरभर त्यांचा वास पसरायचा... ग्रीस, लिंबाचा साबण आणि ऊदाचं अत्तर. अम्मी त्या बॅगेतले कपडे लगेच धुवायचीच नाही. मी चिडवायचे, "मळके कपडे काय हुंगतेस गो?" तर म्हणायची, "तुजं लगीन होऊं दे, मग विचारीन!"

आता माझ्या खुळाबद्दल. मला अत्तराच्या तेलांचं वेड आहे. मोठ्या कंपन्यांची सेंट नव्हेत, घरच्या घरी थोडी थोडी तेलं बनवून विकणारे लोक असतात ना, त्यांची. आमच्यासारख्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. तिथे आम्ही छोट्या कुप्या मागवतो, मनगटावर लावतो आणि त्यावर पानंच्या पानं लिहितो. पुण्यातल्या एका मुलीने अ‍ॅनिमेशन सिनेमांवरून एक संच काढला होता. 'ढगांची बेकरी', 'मुंगीची सर्कस', 'बगळ्याचा कंदील', अशी एकेका सिनेमातल्या जागेवरून नावं. 'बगळ्याचा कंदील' हा ओसाड बेटावर दीपगृह सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बगळ्याच्या सिनेमावरून. मी तो सिनेमा लहान पोरासारखी रडत पाहिला होता, त्यामुळे संच काढल्याचं कळल्याबरोबर पैसे भरले. ती मुलगी एकटीच सगळं बनवते, म्हणून पार्सल यायला बरेच आठवडे लागणार होते.

मधल्या काळात अब्बा गेले. कामावरून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं. मय्यत इकडे आणायची म्हणजे कागदपत्रांतच बरेच दिवस मोडायचे, म्हणून तिकडेच दफन करायचं ठरलं. फोनवर त्यांचा चेहरा दाखवणार होते. अम्मी डोक्यावरची ओढणी सावरून फोन दोन्ही हातांत धरून बसली... आणि चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं तेवढ्यात नेटवर्क गेलं. परत लागलं तेव्हा लोक माती देत होते. अम्मीने त्या दिवशी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "एकदा बघू तरी द्यायचं होतं मना." त्यानंतर कितीदा तरी तेच वाक्य. बाकी तिला काही नको होतं.

मग इद्दत सुरू झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा गेल्यावर आमच्यात बाई चार महिने दहा दिवस घरात राहते. दागिना नाही, मेंदी नाही, सुरमा नाही आणि खुशबू तर अजिबात नाही. कपाटातली अत्तरं मी स्वतःच उचलून चुलतीकडे ठेवली. मला मनाई नव्हती, पण अम्मी अशी बसलेली असताना आपण कुठे वास मिरवायचा? जिवावर यायचं.

अशात एक दिवस मुरुडहून कुरियरवाल्याचा फोन. मी पार विसरले होते. पार्सल आणलं आणि तसंच ठेवून दिलं. ही तेलं प्रवासातून आली की लगेच लावत नाहीत, थोडे दिवस निवांत पडू देतात, तरच खरा वास खुलतो. तेवढाच मला बहाणा. पण शेवटी राहवलं नाही. एका दुपारी अम्मी आतल्या खोलीत कुराण वाचत होती. मी कुप्या घेऊन मागच्या दारी विहिरीपाशी गेले. वारं खाडीकडे वाहत होतं, म्हणजे घरापासून लांब. हे मुद्दाम सांगतेय.

'ढगांची बेकरी' म्हणजे निव्वळ बटर बिस्किट. 'मुंगीची सर्कस' इतकं गोड की डोकं धरलं. मग 'बगळ्याचा कंदील' मनगटावर लावलं. व्हॅनिला, मीठ, थोडं ओलं लाकूड. बरं होतं... बास, बरंच. मी मनातल्या मनात ग्रुपवर काय लिहायचं ते जुळवत होते.

एवढ्यात मागचं दार उघडलं. अम्मी. इद्दत सुरू झाल्यापासून ती मागच्या अंगणातसुद्धा क्वचितच यायची. तिचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं चक्कर येतेय तिला.

"कोन आला गो?"

"कोणी नाही, अम्मी."

"तुजे अब्बा आले ना?"

 वाटलं, दुःखाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी तिला धरायला हात पुढे केला, तर तिने माझं मनगटच पकडलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.  मग म्हणाली, "ग्रीस हाय. साबन हाय. त्यांचा ऊद हाय." आणि जरा थांबून, कपाळाला आठ्या घालून, "पन ही लवंग कुटशी? लवंग कुठं लावायचे ते?"

मी माझं मनगट पुन्हा हुंगलं. व्हॅनिला. मीठ. दुसरं काहीही नाही. खरं सांगू? मला त्या क्षणी भीती नाही वाटली. हेवा वाटला. माझेही अब्बाच होते ना ते!

मी कुपी पुढे केली. म्हटलं, "ओढणीच्या टोकाला लावू का थोडं?"

तिने झटकन हात मागे घेतला. "तौबा! इद्दतीत बसलेली बाई खुशबू लावते काय?"

"कोणाला कळणार आहे, अम्मी?"

"त्यांना कळंल," ती म्हणाली. "त्यांच्यासाठीच बसलंय ना मी? ठेव ती जपून. इद्दत सुटली की पहिलं तेच लावीन."

मी वाद घातला नाही. कोण घालेल? नवऱ्याच्या नावाने ती एवढं पाळत होती, तेच तर तिला धरून होतं. फक्त "हात लगेच धू नको," एवढं ती म्हणाली आणि माझ्या शेजारी विहिरीच्या कठड्याला टेकून बसली, माझा हात मांडीवर घेऊन. हसतसुद्धा होती मधूनच. मग असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. नमाजासाठी वुजू करायचा म्हणजे कोपरापर्यंत हात धुवायचे. मी धुतले. ती माझ्या हातांवरून ओघळणारं पाणी बघत राहिली. मी कुपीचं झाकण घट्ट लावलं, कापसात गुंडाळली आणि कपाटात आतल्या बाजूला ठेवली. त्यानंतर ती उघडली नाही. अम्मी अधूनमधून विचारायची, "हाय ना नीट?" मी म्हणायचे, "हाय."

पुण्याच्या मुलीला मी विचारलं. यात लवंग आहे का, ऊद आहे का, आणि ग्रीस... हे लिहिताना मलाच हसू आलं. तिने सरळ उत्तर दिलं, यातलं काहीच नाही. त्याच खेपेच्या कुप्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणींकडे होत्या. सगळ्यांना व्हॅनिला आणि मीठ.

मीही ते सोडून दिलं असतं. वासाचे भास होतात, दुःखात तर होतातच. पण मग सत्तारभाई आले. अब्बांचे तिकडच्या खोलीतले सोबती, मूळचे श्रीवर्धनकडचे. सुट्टीवर आले होते, अब्बांची बॅग घेऊन दिघीहून फेरीने इकडे उतरले. परक्या पुरुषासमोर अम्मी येणार नव्हती, म्हणून ते ओटीवर बसले आणि अम्मी दाराच्या पडद्याआड. मी बॅग उघडली. सगळे कपडे धुतलेले, इस्त्री केलेले. खोलीतल्या मित्रांनी मायेनेच केलं होतं, त्यांना काय बोलणार? पण अब्बांचा वास म्हणून त्यात काही उरलं नव्हतं. नुसती धुण्याची पावडर. 

सत्तारभाई चहा पिता पिता बोलत होते. "शेवटी शेवटी दाढेनं लय हैरान होता बिचारा. रोज लवंगेचं तेल लावून झोपायचा. आमची आख्खी खोली लवंग लवंग झालेली! मी बोललो, घरी सांग. तर बोलायचा, न्हाय रे, ती उगाच रडत बसंल."

पडद्याआडून हुंदका आला. सत्तारभाईंना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. बिचारे माफी मागायला लागले. मी काय सांगणार त्यांना?  दाढेचं अम्मीला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आमच्या घरात कोणालाच नव्हतं.

त्या रात्री मी अम्मीला म्हटलं, काढू का कुपी? लावू नकोस, नुसता वास घे. तिने मान हलवली. "आता थोडंच तर ऱ्हायलं. एवढं पाळलं ते मोडू?" मदरशात शिकवणाऱ्या आपा नंतर मला म्हणाल्या, अगं, लावायला मनाई, दुसऱ्याच्या हातावरून वास आला तर त्यात कसला गुन्हा! हे आधी विचारायला हवं होतं. पण आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

इद्दत सुटली. अम्मीने अंघोळ केली, नवे कपडे घातले. नातेवाईक बायका जमल्या होत्या, त्यांना तिने बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. लग्नात मुलीचा चेहरा असतो ना, तसा काहीसा तिचा झाला होता... मला तिच्याकडे बघवेना. मी कुपी उघडली आणि तिच्या मनगटावर लावली.

तिने वास घेतला. पुन्हा घेतला. मग माझं मनगट पुढे करायला लावलं, तिथेही लावलं. तेलात भिजवून कापसाचा बोळा कानात ठेवला, अब्बा जुम्म्याला ठेवायचे तसा. मी कुपी तळहातात धरून गरम केली. आता तिलाही माझ्यासारखंच. व्हॅनिला. मीठ. ओलं लाकूड. कुपीसोबतच्या कार्डावर लिहिलंय तेवढंच, ना कमी ना जास्त.

पुढे मी त्याच तेलाची मोठी बाटली मागवली. ती निवांत ठेवली, तशीच दुपारी, त्याच विहिरीपाशी, तसंच वारं असताना उघडली. काही नाही. ग्रुपवरच्या एका शहाणीने सांगितलं की तेल मुरलं की बदलतं. बदलतं गं बाई, मला माहीत आहे. पण एका माणसाची दाढ दुखत होती हे तेलाला कसं कळलं, ते सांग. अम्मीला तरी कसं कळलं? मला याचं उत्तर नाही मिळालं, आणि मिळेल असंही वाटत नाही.

पण मी हे लिहायला बसले ते त्या उत्तरासाठी नाही. त्या दिवशी बंद खोलीत अम्मी बराच वेळ मनगट नाकाशी धरून बसली होती. बाहेर बायका तिची वाट बघत होत्या. मी म्हटलं, "जाऊ दे, अम्मी." तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली,

"ते एवढ्या लांबून आलेले गो. आनि मी बोलले, आता नको."