लातूरच्या फळ्यासमोरची महानंदा

महानंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या बसस्थानकात नांदेडच्या गाडीत बसले होते, तिलाच भेटायला निघालेली. गाडी सुटली. उतरावंसं वाटलं नाही...

महानंदा रेणापूरची. एम.एस्सी.ला लातूरला आम्ही एकाच खोलीत राहायचो. इतकी देखणी, की ती दुकानात शिरली की दुकानदार माप विसरायचा. आणि एवढ्याच कारणानं तिला गणित येत असेल, हे कुणाला पटायचं नाही. तिचे मामा स्थळं घेऊन यायचे. म्हणायचे, "एवढं रूप दिलंय देवानं, मग डोस्क्याला कशाला तरास द्यायलीस?" ती हसून म्हणायची, "रूप आयतं मिळालंय मामा, गणित करावं लागतंय."

पहिल्याच वर्षी तोंडी परीक्षेत तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. व्हरांड्यात पोरं मोठ्यानं म्हणाली, "तोंडी कसली? तोंड बघून मार्क दिलेत!" मी रडकुंडीला आले. ती मात्र तडक सरांकडे गेली. पोरंही मागोमाग आली.

"सर, माझी परीक्षा परत घ्या. वर्गासमोर. गणित हे लोक देतील."

सर संकोचले. "मला काही शंका नाही गं."

"मला पण न्हाई सर. यांना हाय."

तिनं खडू उचलला, वर्गाकडे पाठ केली आणि विचारलं, "इथून तर तोंड दिसत न्हाई ना?" पोरांनी शोधून शोधून अवघड गणित दिलं. निम्म्यावर ती अडली. मागून कुणी खिदळलं. तिनं अख्खा फळा पुसला आणि वेगळ्याच वाटेनं ते गणित सोडवलं. मग न वळताच म्हणाली, "अजून कुणाचं काही?" पोरं वह्या काढून ते गणित उतरवून घेऊ लागली. मैत्रीण माझी होती, या अभिमानानं मी आजही ताठ होते.

पुढं नांदेडच्या कॉलेजात ती शिकवू लागली. तिथंही पाहुणे आले की औक्षणाचं ताट हिच्याच हाती. एकदा तिनं ते विभागप्रमुखांच्या हाती ठेवलं. "आज तुम्ही ओवाळा सर, प्रास्ताविक मी करते." तेव्हापासून प्रास्ताविक तिचंच.

मग आजार आला. औषधांनी केस गेले, चेहरा सुजून ओळखू येईना. पण खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींना दर रविवारी घराच्या पुढच्या खोलीत शिकवणं तिनं सोडलं नाही. बिलोलीची सुप्रिया त्याच दिवसांत आली.

परवा रविवारी मी त्या खोलीत गेले. भिंतीवर तिच्या यजमानांनी तिचा तरुणपणीचा फोटो लावला होता. सुप्रियानं विचारलं, "मावशी, ह्या कोण?"

"तुझ्या मॅडम."

ती बघतच राहिली. "लई सुंदर होत्या की... आमाला कुणी सांगितलंच न्हाई. सगळे म्हणायचे, मॅडम लई हुशार हायत."

एवढं बोलून तिनं सतरंजी अंथरली. शिकवणारी नव्हती, तरी मुली आल्या होत्या. एक दुसरीला समजावू लागली, थेट महानंदाच्या आवाजात : "घाई नको. पुन्हा मांड."

मी सरकून त्यांना जागा करून दिली.