बारावी रेघ

शुक्रवार : युसूफभाई गेले. शनिवार : वसाहतीच्या सभागृहातील, त्यांनी केलेल्या चित्रावर पॉलिशपेपर फिरला. रविवार : रेड ऑक्साइड, त्यावर करडा ऑइलपेंट. सोमवार : त्याच भिंतीसमोर त्यांची शोकसभा. जबाबदार : ‘भिंत स्वच्छ करा’ असा आदेश काढणारे समितीचे अध्यक्ष, आणि तो स्वतःच्या हाताने पाळणारे सचिव सोपानराव. हे दुसरे नाव लिहिताना हात थांबतो... ते युसूफभाईंचे आणि माझे, आम्हा दोघांचे तिसरे मित्र.

युसूफभाईंनी चाकणच्या कारखान्यात उभी नोकरी पत्र्यांना गंजरोधक लेप देण्यात काढली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सभागृहाच्या भिंतीवर एक कोरा पत्रा बसवला, मिठाच्या पाण्याचा एकच फटकारा ओढला आणि ब्रश कायमचा ठेवून दिला. पुढचे चित्र हवेने काढायचे होते. दर वर्षी त्याच दिवशी, गंज जिथवर सरकला असेल तिथे, ते स्क्रायबरने, म्हणजे आखणीच्या टोकदार सळईने, बारीक रेघ कोरत. अशा अकरा रेघा झाल्या. यात चित्र कोणते, असे मी एकदा विचारले. मी कामगारांचे अर्ज लिहिणारा कारकून, पण ते मला वकीलसाहेबच म्हणत. “वकीलसाहेब, जन्मभर ह्या गंजाला हाकललं. आता येऊ द्या की, कुठवर येतो बघू.”

त्यांच्या आग्रहावरून मी करारपत्र केले : चित्र घासू नये, रंगवू नये, चित्रकाराच्या पश्चात रेघ मी ओढावी. साक्षीदार म्हणून सही सोपानरावांची. ते करारपत्र मी कपाटात जपले, भिंतीवर लावले नाही. ही चूक माझी, आणि ती मी येथे कबूल करतो.

शोकसभेत मी सोपानरावांना बाजूला घेतले. त्यांच्या नखांत करडा रंग होता. सही आठवते का, असे विचारले. “आवो, गंजक्या पत्र्याम्होरं भाईंचा फोटू ठेवायचा व्हय?” ते म्हणाले. मग आवाज उतरला. “भाईंनीच शिकवलंय मला. आधी घासायचं, मग ऑक्साइड. दोन हात मारलेत. धा वर्सं गंज यायचा न्हाई.”

त्यांचे डोळे भरले होते. म्हणून कराराचा भंग सौम्य ठरत नाही.

समितीला मी तीन पत्रे धाडली. पोच मिळाली, उत्तर नाही. इस्पितळात युसूफभाईंनी माझ्या हाती दिलेला स्क्रायबर टेबलावर आहे, त्यांच्याच रुमालात गुंडाळलेला. पुढच्या महिन्यात रेघेचा तो दिवस येतो. मी तो घेऊन सभागृहात येणार आहे. अध्यक्षांनी आणि सोपानरावांनी त्याआधी, हे पत्र छापणाऱ्या वृत्तपत्राच्या याच पुरवणीत, स्वतःच्या सहीने सांगावे : बारावी रेघ मी कुठे ओढू?